ताईंच्या गाडीला ताप

ताई म्हणजे माझी थोरली नणंद. त्यांनी लग्न केलं नव्हतं, आणि का केलं नाही असं विचारणाऱ्या प्रत्येकीला त्या नवं कारण सांगायच्या. एकीला सांगितलं, मंगळ आहे. दुसरीला सांगितलं, मुलगा पसंत होता, पण घोरतो अशी पक्की खबर लागली. तिसरीला म्हणाल्या, अजून सुट्टी मंजूर झाली नाही. नाशिक रोडला टेलिफोन खात्यात त्या तक्रारींच्या टेबलावर बसायच्या. दिवसभर लोकांची वैतागलेली बोलणी ऐकून संध्याकाळी घरी आल्या, की कुणाची तरी गंमत केल्याशिवाय त्यांना जेवण जात नसे. बहुतेक वेळा ते ‘कुणीतरी’ म्हणजे माझा नवरा असायचा. तो प्रेसमध्ये कामाला, शिस्तीचा माणूस आणि ताईंचा धाकटा भाऊ. त्यामुळे त्याची कुठूनच सुटका नव्हती.

ऐंशी सालच्या पुढेमागे ताईंनी देवळाली कॅम्पातल्या एका निवृत्त मेजरांकडून जुनी गाडी घेतली. फिकट हिरवी, चार दारांची, दारं जरा आपटून लावावी लागणारी. गाडी चालवायला त्या कधी शिकल्या ते आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. सासूबाईंनी विचारलं तर म्हणाल्या, “आई, टेलिफोनवर शिकले.” कॉलनीत तेव्हा स्कूटरी होत्या, एक-दोन मोटरसायकली होत्या, बाकी सगळ्या सायकली. बाई चारचाकी चालवत आली म्हटल्यावर गॅलऱ्या भरल्या. ताईंनी गाडी उभी केली, खाली उतरून गॅलऱ्यांकडे बघत हात जोडले आणि शांतपणे जिना चढून वर आल्या.

आमच्या खालच्या घरात साहेब राहत. बांधकाम खात्यातून निवृत्त होऊन ते आमच्या कॉलनीत आले होते आणि सगळे त्यांना साहेबच म्हणत. नोकरीभर त्यांना सरकारी जीप होती, जिपेला ड्रायव्हर होता. त्यामुळे गाड्यांविषयी बोलायचा पहिला हक्क आपला, असं ते धरून चालत. ताईंची गाडी आली त्या दिवशी त्यांनी तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या, टायरला बुटाचं टोक लावलं, आणि “बरी आहे” म्हणाले. त्यांच्या तोंडून एवढं निघणं म्हणजे मोठी गोष्ट, असं त्यांच्या बायकोनंच मला सांगितलं.

पहिले काही महिने मजेत गेले. मग एका रविवारी आम्ही सिन्नरला निघालो असताना मोहदरी घाटात डॅशबोर्डावरचा तापमानाचा काटा हळूहळू उजवीकडे सरकायला लागला आणि लाल पट्ट्यात जाऊन बसला. ताईंनी गाडी कडेला घेतली. बॉनेट उघडलं. वाफ नाही, वास नाही, काही नाही. आम्ही दगडावर बसून शेंगा खाल्ल्या, अर्ध्या तासानं रेडिएटरचं झाकण उघडून पाणी ओतायला गेलो, तर त्यात पेलाभरही पाणी मावेना. मी शाळेत विज्ञान शिकवायचे. उकळणाऱ्या पाण्याचं काय होतं हे पोरांना दर वर्षी फळ्यावर काढून दाखवायचे. पण घाटात, उन्हात, शेंगा खाताना ते काही मला सुचलं नाही.

मग तो काटा नेहमीच चढायला लागला. आधी घाटात, मग सपाट रस्त्यावर, मग नाशिक रोडहून नाशकातल्या द्वारकेपर्यंत जातानासुद्धा. आमच्या गाडीत मागच्या सीटपाशी पाण्याचा डबा कायमचा मुक्कामाला आला. नवऱ्यानं गाडीत बसणं सोडलं. “तुम्ही व्हा पुढे, मी बसनं येतो,” असं म्हणायचा आणि खरंच आमच्या आधी पोचायचा.

एके संध्याकाळी साहेब बाहेर उभे होते. बॉनेट उघडं बघून जवळ आले, आत वाकून पाहिलं, बराच वेळ पाहिलं.

“ताई, हेड गेलं,” ते म्हणाले.

“कुणाचं?”

“इंजिनाचं.”

“हां. मी म्हटलं माझं की काय.”

साहेब हसले नाहीत. “आत भेग पडली असणार. उघडायला गेलात तर गाडीच्या किमतीइतका खर्च. माझं ऐका, चालती आहे तोवर काढून टाका. गिऱ्हाईक मी बघतो. ओळखी आहेत आपल्या.”

ताईंनी गाडी काढली नाही, द्वारकेजवळच्या एका गॅरेजात नेली. गॅरेजवाला वाईट माणूस नव्हता. त्याला लाल काटा दिसत होता आणि तो बिचारा तापावरची औषधं देत सुटला होता. त्यानं रेडिएटर काढून धुतला, रबरी नळ्या बदलल्या, पंख्याचा पट्टा बदलला. प्रत्येक वेळी आम्ही पैसे देऊन, पेढे वाटल्यासारख्या चेहऱ्यानं घरी यायचो आणि दोन दिवसांनी काटा पुन्हा लाल. शेवटी तोही म्हणाला, “ताई, आता इंजिनच खोलावं लागेल.” साहेबांना हे कळलं तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली. ‘मी सांगितलं होतं’ हे न बोलता सांगायची त्यांची पद्धत चांगली कमावलेली होती.

डिसेंबरातली गोष्ट. नाशिकची थंडी तेव्हा खरीखुरी असायची, बादलीतल्या पाण्यात हात घालायचा म्हणजे आधी मनाची तयारी करावी लागे. शाळेत स्नेहसंमेलन होतं, मला सकाळी लवकर पोचायचं होतं, आणि ताई मला सोडणार होत्या. गाडी रात्रभर बाहेर उघड्यावर उभी. काचेवर दव, बॉनेट हात लावला तर चटका बसावा इतकं गार. ताईंनी किल्ली नुसती अर्धी फिरवली, इंजिन अजून सुरूही केलं नव्हतं, आणि काटा सरसर चढून लाल पट्ट्यात.

मी शालीतून तोंड बाहेर काढून म्हटलं, “ताई, ही रात्री कुठे जाऊन आली?”

ताईंनी काट्याकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. किल्ली बंद केली, काटा पडला. पुन्हा फिरवली, पुन्हा लाल. मग स्टिअरिंगवर थाप मारून ओरडल्या, “अगं, अर्थ झालंय!”

त्यांच्या टेबलावरची ती रोजची भाषा. टेलिफोनची तार कुठेतरी ओल्या भिंतीला नाही तर लोखंडी खांबाला टेकली, की वीज मधल्यामध्ये जमिनीत पळते आणि फोन वेड्यासारखा वागायला लागतो. त्याला त्या ‘लाइन अर्थ झाली’ म्हणत. दिवसातून किती वेळा हे वाक्य त्यांच्या तोंडी यायचं देव जाणे, पण दारात उभ्या असलेल्या गाडीला ते लावायचं त्यांनाही तोवर सुचलं नव्हतं.

त्या उतरल्या आणि त्यांनी बॉनेट उघडलं. रेडिएटरची वरची नळी इंजिनाला जिथे मिळते तिथे एक अंगठ्याएवढा पितळी तुकडा आटे पाडून बसवलेला होता आणि त्याच्या डोक्यावर एक बारीक तार. पाणी किती तापलं हे त्या तुकड्यानं ओळखायचं आणि तारेवाटे काट्याला कळवायचं, असं ते काम. ताईंनी मला पुढच्या सीटवर बसवलं.

“तार काढते. काटा बघ.”

“पडला!” मी ओरडले.

“आता इंजिनाच्या लोखंडाला टेकवते.”

“चढला!”

“आता?”

“पडला!”

वरच्या गॅलरीतून सासूबाई घाबऱ्या आवाजात म्हणाल्या, “कोण पडलं गं?”

एवढ्यावर सगळं स्पष्ट होतं. तार काढली की काटा मुकाट खाली जात होता, टेकवली की वर. म्हणजे तारही ठीक होती आणि काट्याचं घड्याळही ठीक होतं. बिघडला होता तो पितळी तुकडा. तो आतल्या आत टेकला होता, आणि पाणी गार असो की गरम, एकच बोंब ठोकत होता.

ताईंना तेवढ्यात नाचायचं होतं, पण माझ्यातली विज्ञानाची बाई आडवी आली. तुकडा खोटं बोलतो हे कळलं, पण म्हणून इंजिन तापतच नाही असं कुठे सिद्ध झालं? एखादा माणूस नेहमी खोटं बोलतो, म्हणून त्याच्या घराला कधी आग लागतच नाही असं नाही. मी शाळेच्या प्रयोगशाळेतला लांब थर्मामीटर मागून आणला. रविवारी आम्ही मोहदरी घाट चढून वर गेलो, थोडा वेळ थांबलो, मग चादरीची जाड घडी करून ताईंनी झाकण अगदी हळू सैल केलं आणि मी थर्मामीटर आत सोडला. पारा उकळीच्या पुष्कळ खाली थांबला.

“हिला ताप नाहीच,” मी म्हटलं.

ताईंनी झाकण पुन्हा घट्ट लावलं. “म्हणजे तो रेडिएटर धुतला तो फुकटच?”

“अंघोळ झाली म्हणायचं.”

आता नवा तुकडा आणायचा. साहेबांना यातलं काही सांगायचं नाही, असं ताईंनी ठरवलं. “रोज इतक्या काळजीनं चौकशी करतात, त्यांचा विरस कशाला?” त्यांनी स्पॅनर लावून तुकडा काढला, भोकात एक लाकडी खुंटी ठोकली, आणि तो पितळी गुन्हेगार रुमालात बांधून आम्ही बसनं नाशकात गेलो.

नव्या पार्टांच्या दुकानातला माणूस टापटीप होता. त्यानं तुकडा बोटांत फिरवून बघितला. “युनिट म्हणतात याला. सुटं येत नाही. घड्याळ, तार, युनिट, पूर्ण सेट घ्यावा लागेल.” किंमत सांगितली तेव्हा मी दुकानाच्या पायरीवर बसले.

ताई म्हणाल्या, “म्हणजे माझ्या चपलेचा अंगठा तुटला, तर तुम्ही मला पाय पण नवा घ्यायला लावाल?”

“कंपनीचा नियम आहे बाई.”

“मग कंपनीला माझा नमस्कार सांगा.”

तिथून आम्ही भद्रकालीच्या मागच्या बाजूला गेलो. तिथे जुन्या पार्टांचे ढीग मांडलेले असायचे, आणि त्या ढिगांमध्ये एक म्हातारेबाबा स्टुलावर बसून विडी ओढत होते. त्यांनी तुकडा बघितला, एक गंजका डबा ओढला आणि आमच्यासमोर पालथा केला. आत तसलीच बोंडं, काही काळी पडलेली, काही हिरवी.

“चालू आहेत का?” ताईंनी विचारलं.

“गाडीतनं काढली तवा चालू व्हती.”

“गाडी चालू होती?”

“गाडी कुठली? गाडी पलटी झालती.”

ताईंना बाबा एकदम आवडले. त्यांनी आट्यांचं माप जुळवून तीन निवडले आणि अट घातली: तिन्ही घरी नेते, त्यातला जो खरं बोलेल तो ठेवते, बाकीचे परत. बाबांनी विडी बाजूला केली.

“अन् तिन्ही खरं बोलले तर?”

“तर तुमच्या पाया पडते.”

“पाया पडून काय करू? एकाचे पैसे ठेवून जा.”

त्या एकाचे पैसे म्हणजे दोन माणसांच्या मिसळीचे पैसे. हे मला पक्कं माहीत आहे, कारण तिथून आम्ही सरळ मिसळ खायला गेलो आणि ताईंनी नोटा मोजताना खूण करून मला दाखवलं.

त्या संध्याकाळी आमच्या अंगणात जे चाललं होतं ते बघायला कॉलनीतली निम्मी माणसं काही ना काही निमित्त काढून खाली आली. गाडीचं बॉनेट उघडं. शेजारी पाटावर वातीचा स्टोव्ह, त्यावर सासूबाईंचं चहाचं पातेलं, पातेल्यात पाणी, पाण्यात थर्मामीटर आणि दोऱ्याला टांगलेलं पितळी बोंड. बोंडापासून एक तार गाडीच्या घड्याळाच्या तारेला, दुसरी गाडीच्या अंगाला. मी पारा बघत होते, ताई पुढच्या सीटवर बसून काटा बघत होत्या, आणि सासूबाई पातेल्याकडे बघत होत्या.

“त्यात मी आता चहा करायचा नाही,” त्यांनी जाहीर केलं.

“आई, पितळ चांगलं असतं पोटाला,” ताई आतून म्हणाल्या.

तेवढ्यात साहेब आले. हातात वर्तमानपत्राची गुंडाळी. “काय शिजतंय?”

“काढा,” ताईंनी सांगितलं. “इंजिनाला ताप आहे ना. म्हटलं घरगुती उपाय करून बघावा.”

मला वाटलं, आता साहेब भाषण देणार. पण ते पातेल्याकडे बघत राहिले, मग तारेवरून नजर फिरवत काट्यापर्यंत गेले, आणि त्यांचा चेहरा थोडासा पडल्यासारखा झाला. “असल्या भानगडीत पडू नका, ताई. विजेचं काम आहे,” एवढंच म्हणून ते घाईघाईनं आत गेले. त्यांना आमची खरंच काळजी वाटतेय, असं मला वाटलं. मी ताईंना तसं म्हटलंही.

जुन्या तुकड्यानं गार पाण्यातच काटा लाल करून दाखवला. बाबांच्या डब्यातला पहिला तुकडा मेलेलाच होता, पाणी उकळलं तरी काटा जागचा हलला नाही. दुसरा मनाला येईल तेव्हा उडी मारायचा आणि मनाला येईल तेव्हा खाली यायचा. तिसरा मात्र गुणी निघाला. पारा चढेल तसा काटा सावकाश चढत गेला, उकळीला लाल पट्ट्याच्या कडेशी पोचला आणि आम्ही स्टोव्ह बंद केल्यावर तितक्याच सावकाश उतरला. ताई खुशीत येऊन म्हणाल्या, “हा आपला.”

बसवताना एवढीच फजिती झाली, की खुंटी उपटल्याबरोबर भोकातून पाणी उसळलं. मी भोकात बोट घातलं, आणि ताईंनी नवा तुकडा शोधायला गाडीखाली, पातेल्यात, पदराच्या गाठीत सगळीकडे बघितलं. तो त्यांच्याच डाव्या मुठीत होता. मग बोट काढलं, तुकडा फिरवून बसवला, थोडं पाणी वरून भरलं, आणि गाडी घेऊन आम्ही घाटापर्यंत जाऊन आलो. काटा मधोमध. ताई वाटभर गाणी म्हणत होत्या आणि त्यांचा आवाज चांगला नव्हता.

दोन दिवसांनी साहेब वर आले. “गिऱ्हाईक मिळालं. नांदगावचे गृहस्थ आहेत, माझ्या ओळखीतले. रविवारी येतील. मी त्यांना स्वच्छ सांगून ठेवलंय, इंजिन गेलेलं आहे. लपवाछपवी नको. तेव्हा भंगाराच्या भावाला थोडं वर धरून बोला.”

नवरा लगेच “वा, वा” म्हणाला. ताई म्हणाल्या, “आणा की. चहाला पण या.”

साहेब गेल्यावर मी विचारलं, “ताई, गाडी विकायची?”

“वेडी आहेस? पण इतक्या प्रेमानं गिऱ्हाईक घेऊन येतोय माणूस. नाही कसं म्हणायचं?” असं म्हणून त्या ट्रंक उघडून काहीतरी शोधायला लागल्या. बाहेर आलं ते दारावरच्या घंटीचं बटण. घंटी मोडल्यावर त्यांनी ते जपून ठेवलं होतं. त्या रात्री जेवायच्या आधी त्यांनी डॅशबोर्डाखाली, स्टिअरिंगच्या उजव्या अंगाला, दाराच्या बाजूला ते बसवलं. एक तार काट्याच्या तारेला जोडली, दुसरी गाडीच्या लोखंडाला. बटण दाबलं की काटा लाल, सोडलं की परत मधोमध. मला त्यांनी चार-पाच वेळा करून दाखवलं. हसू आवरायचं म्हणून मी पदराचा बोळा तोंडात धरला होता.

रविवारी नांदगावचे गृहस्थ आले. तिशीतला, गोल चेहऱ्याचा, बोलका माणूस. बी-बियाण्यांचं दुकान होतं त्यांचं. साहेब पुढे ताईंशेजारी बसले, मागे मी आणि ते. गाडी सिन्नरच्या रस्त्याला लागली.

साहेबांनी मागे वळून सुरुवात केली. “तर मी म्हटल्याप्रमाणे, हिचं हेड...”

काटा चढला.

“हे बघा! बघितलंत?” साहेब विजयानं म्हणाले आणि क्षणभर थांबले.

काटा उतरला.

साहेबांनी डोळे बारीक करून काट्याकडे बघितलं. “हेडमध्ये भेग असली की असं...” काटा चढला. ते गप्प झाले. काटा उतरला.

मागून गृहस्थ पुढे सरकून बघायला लागले होते. “मामा,” ते म्हणाले, “तुम्ही बोलले का काटा वर जातो.”

‘मामा’ ऐकून मी त्यांच्याकडे बघितलं. साहेब घाईनं म्हणाले, “गावाकडचं नातं आहे, लांबचं.” काटा चढला.

“काही गाड्यांना आवाज सोसत नाही,” ताई रस्त्यावरची नजर न काढता म्हणाल्या. “मेजरांनी मला सांगितलं होतं, हिच्यात बसून मोठ्यानं बोलायचं नाही. मी विसरलेच.”

“मामा, जरा गप बसून बघा बरं.”

साहेब गप्प बसले. मोहदरीचा आख्खा घाट ते तोंड मिटून बसले होते. त्यांच्या कपाळावर घाम आला होता आणि ते एकटक काट्याकडे बघत होते. काटा मधोमध, ढिम्म. घाट संपला. साहेबांनी सुटकेचा श्वास घेतला आणि तोंड उघडलं, “आता मात्र...” काटा सरसर लाल.

गृहस्थ मांडीवर थाप मारून हसले. पण व्यापारी माणूस, हसता हसता हिशेबावर आले. “मामा, पण हे कसं काय? तुम्ही तर म्हणले व्हते, इंजिन लय खणखणीत हाय. नुसतं काट्याचं युनिट गेलंय, अर्ध्या तासाचं काम हाय, बदलून घेऊ म्हणून.”

ताईंनी गाडी हळूहळू कडेला घेतली, ब्रेक लावला. धक्क्यानं त्यांचं बोट बटणावरच राहिलं होतं, काटा लालमध्येच होता, पण आता त्याच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

“साहेब,” ताईंनी विचारलं, “कधीपासून माहीत होतं?”

साहेबांनी रुमाल काढून मान पुसली. “पहिल्याच दिवशी ओळखलं. आमच्या जीपचं दोनदा गेलं होतं. ड्रायव्हरनं तार काढून दाखवलं होतं.”

“आणि हे कोण?”

“मी जावई त्यांचा,” गृहस्थ खालच्या आवाजात म्हणाले. त्यांना बहुतेक तोवर कळलं होतं की आपण काय करून बसलो. “मामींनी सांगितलं नाय का तुम्हाला?”

मला असा संताप आला होता की काय सांगू. ते गॅरेज, तो धुतलेला रेडिएटर, त्या रबरी नळ्या, नवऱ्याची बोलणी, सगळं डोळ्यांपुढे आलं. मी काहीतरी तिखट बोलणार, तेवढ्यात पुढून विचित्र आवाज आला. ताई स्टिअरिंगवर डोकं ठेवून हसत होत्या. त्यांना बोलताच येईना. शेवटी डोळे पुसत म्हणाल्या, “अहो, आम्ही आख्खी थंडी डोकं फोडून घेतलं, आणि उत्तर जिन्याखाली राहत होतं!”

मग त्यांनी साहेबांना बटण दाखवलं. साहेबांनी वाकून ते बघितलं, स्वतः दोनदा दाबलं, आणि मागे टेकले. “मला घाटात काय वाटलं सांगू? युनिट गेलेलं असेल तर काटा लालच राहायला हवा, खाली येतोच कसा? म्हटलं, आपल्याच अंगात काही दोष आहे की काय. मी मनातल्या मनात नवस बोललो.”

“कसला?”

“गाडी नको, पण हे थांबव.”

जावई आता मोकळेपणानं हसत होते. मलाही हसू फुटलं, राग होता तरी. सिन्नरला पोचल्यावर ताईंनी निकाल दिला: साहेबांनी सगळ्यांना भेळ आणि चहा द्यायचा, सासूबाईंसाठी नवं पातेलं घ्यायचं, आणि परतताना मागच्या सीटवर बसून नाशिक रोडपर्यंत एक अक्षर बोलायचं नाही. साहेबांनी भेळ दिली, भांड्यांच्या दुकानात जाऊन चांगलं जाड बुडाचं पातेलं निवडलं, आणि मांडीवर घेऊन मागे बसले. शिंदे गावाच्या अलीकडे ताईंनी चढावर गिअर जरा उशिरा बदलला, तेव्हा ते “ताई, तिसऱ्यावर घ्या!” म्हणून ओरडले. तेवढंच.

जावयांच्या मनातून गाडी काही गेली नाही. पुढच्या उन्हाळ्यात लासलगावच्या एका कांदा व्यापाऱ्याची जीप विकायला निघाली, तेव्हा ते आम्हाला न्यायला आले. ताईंनी यावं, मी थर्मामीटर घेऊन यावं, आणि साहेब तर होतेच. व्यापाऱ्यानं जीप धुऊन, हार घालून उभी केली होती. बाजार समितीबाहेर ट्रॅक्टरांची रांग, सगळीकडे कांद्याचा वास, आणि त्यात तो व्यापारी शपथेवर सांगत होता की ही जीप म्हणजे सोनं आहे. साहेबांनी तिच्याभोवती फेऱ्या मारल्या, टायरला बुटाचं टोक लावलं, बॉनेटमध्ये वाकून बघितलं.

ताई त्यांच्याजवळ जाऊन हळूच म्हणाल्या, “काय वाटतं? आणि या वेळी खरं सांगा.”

“घेऊ नका,” साहेब तोंडातल्या तोंडात म्हणाले. “हिचं खरंच हेड गेलंय.”

जावयांच्याही कानावर ते पडलं, पण त्यांना वाटलं, मामा पुन्हा काहीतरी डाव टाकतायत. त्यांनी तिथल्या तिथे सौदा केला. निफाडच्या अलीकडे जीपमधून खरीखुरी वाफ निघाली, मग काळा धूर, आणि ती उसाच्या शेताकडेला बंद पडली. आम्ही मागून हिरव्या गाडीतून येत होतो. ताईंनी गाडी थांबवली, काचेतून तोंड बाहेर काढून विचारलं, “मामा बोलत होते का आत?”

“नाय हो ताई,” जावई घाम पुसत म्हणाले, “ते तर सौदा झाल्यापासनं गप्प हायेत.”

साहेब खरंच गप्प होते. कोट काढून, बाह्या सरसावून ते जीपच्या मागे जाऊन उभे राहिले होते, आणि कुणी ढकलायला येतंय का म्हणून वाट बघत होते.